एचओ की एन? घरातल्या रेल्वेचं प्रमाण ठरवताना

काहीही विकत घेण्याआधी एक खडू आणि एक सुतळी घ्या. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा, ८१ सेंटिमीटरवर दुसरं टोक अंगठ्याने फरशीवर दाबून धरा आणि अर्धवर्तुळ काढा. मग त्याच जागेवरून ४४ सेंटिमीटरचं दुसरं काढा. पूर्ण लांबीचे एलएचबी (हल्लीच्या लांब प्रवासी गाड्यांचे) डबे एचओमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १/८७ मापात, पळवायचे तर पहिलं वळण लागतं, एनमध्ये, म्हणजे १/१६० मापात, दुसरं. खोलीतला पलंग, कपाट आणि दार तसंच ठेवून यातलं कोणतं वळण बसतं ते बघितलं, की निम्मा निर्णय तिथेच होतो.

नवखा माणूस आधी टेबल किती मोठं बसेल ते मोजतो. मोजायला हवा तो सगळ्यात लांब डबा. वळणाची त्रिज्या त्या डब्याच्या निदान तिप्पट असली तर गाडी भरवशाने चालते. अडीचपटीवरही चालते, पण कपलर (डबे जोडणारे आकडे) बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, जोडलेले असतील तरच. बॉडीला जोडलेले असतील तर दोन डब्यांचे कोपरे एकमेकांना ढकलतात आणि हलका डबा रुळावरून उतरतो. दुपटीवर तर डब्याचा मधला भाग वळणाच्या आत इतका झुकतो की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतो.

| | एचओ | एन |
|---|---|---|
| प्रमाण | १:८७ | १:१६० |
| दोन रुळांमधलं अंतर | १६.५ मिमी | ९ मिमी |
| एलएचबी डबा | २७० मिमी | १४७ मिमी |
| आयसीएफ डबा (एलएचबीआधीचा, जुना) | २४५ मिमी | १३३ मिमी |
| बॉक्सएन वाघीण (मालगाडीची, उघडी) | १२३ मिमी | ६७ मिमी |
| डब्ल्यूएपी-७ (विजेचं इंजिन) आणि ८ एलएचबी डबे | २.४ मीटर | १.३ मीटर |

आता हे आकडे खऱ्या लाकडावर मांडू. प्लायवूडची पूर्ण शीट ८ × ४ फुटांची. कडेला ६ सेंटिमीटर सोडले तर तिच्यावर जास्तीत जास्त ५५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण बसतं, म्हणजे एचओच्या एलएचबी डब्याच्या जेमतेम दुप्पट. शिवाय त्या शीटवरचा पूर्ण फेरा साधारण ५.९ मीटरचा होतो आणि आठ डब्यांची गाडी त्यातले २.४ मीटर एकटीच व्यापते. इंजिन सतत आपल्याच शेवटच्या डब्याच्या मागे लागल्यासारखं दिसतं. स्टेशन, घाट, पूल यांना जागाच उरत नाही.

एनसाठी ७ × ३ फुटांचा साधा फ्लश डोअर घ्या. त्यावर ४० सेंटिमीटरचं वळण बसतं, म्हणजे आयसीएफ डब्याच्या बरोबर तिप्पट. फेरा ५ मीटरच्या आसपास भरतो आणि आठ डब्यांची गाडी त्याचा चौथा हिस्सा घेते. दाराला वेगळी चौकट लागत नाही, ते वाकतही नाही. मात्र भरीव दार जड असतं आणि तारांसाठी त्यातून आरपार भोकं पाडायला लांब ड्रिल बिट लागतं.

एचओमध्ये ८१ सेंटिमीटरचं वळण टेबलावर बसवायचं तर रुंदी पावणेदोन मीटरच्या वर जाते. माणसाचा हात आरामात ७५ सेंटिमीटरपर्यंतच पोचतो, त्यामुळे मध्ये घसरलेला डबा उचलायला दोन्ही बाजूंनी जागा हवी किंवा मधोमध उभं राहायला चौकोन कापावा लागतो. म्हणून एचओ आणि लांब प्रवासी गाड्या हे दोन्ही हवं असेल तर टेबलाचा नाद सोडा आणि भिंतींच्या कडेने फिरणारा लेआउट करा. तशी अख्खी खोली देता येत नसेल तर लांब गाड्यांसाठी एनच घ्या. यात दुमत असण्याचं कारण नाही.

पण एन घेतलं की सगळं सोपं झालं, असं मुळीच नाही.

पहिली अडचण वजनाची. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेने डब्यांच्या वजनाची शिफारस दिलेली आहे: एचओसाठी १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस, एनसाठी अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस. हिशोब केला तर एचओमधला एलएचबी डबा सुमारे १८० ग्रॅमचा हवा, एनमधला ३९ ग्रॅमचा. बॉक्सएन एचओमध्ये ९५ ते १०० ग्रॅम, एनमध्ये फक्त २५. थ्रीडी प्रिंट केलेली रिकामी वाघीण याहून पुष्कळ हलकी भरते, ती तशीच पळवली तर सांध्यावर (रुळाला फाटा फुटतो तिथे) उडते. वजन वाढवायला लोखंडी नट टाकू नका. रुळांखाली चुंबकाने कपलर सोडवायची सोय केली असेल तर ते चुंबक वाघिणीलाच ओढून धरतं. शिशाचे छर्रे चालतात, पण ते फेव्हिकॉलमध्ये बसवू नका. पांढऱ्या गोंदाची शिशाशी हळूहळू प्रक्रिया होते, आतला गोळा फुगतो आणि दोन-तीन वर्षांत वाघिणीचा तळ किंवा बाजू फुटते. इपॉक्सी वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुवा.

दुसरी अडचण विजेच्या स्पर्शाची. एनचं इंजिन हलकं, चाक बारीक, त्यामुळे रुळावरचा धुळीचा पातळ थरही त्याला थांबवतो. एचओच्या इंजिनात वीज साठवणारा छोटा कपॅसिटर सहज मावतो आणि मळक्या सांध्यावरून ते न अडखळता जातं. एनमध्ये त्यासाठी जागा काढणं हेच एक काम होतं. रस्त्यालगतच्या घरात धूळ रोजचीच, म्हणजे एनमध्ये गाडी सोडायच्या आधी दर वेळी सुती फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसणं आलं. सँडपेपर लावू नका. त्याचे ओरखडे नंतर मळ धरून ठेवतात. कोकण, गोवा, मुंबईच्या खाऱ्या हवेत जुन्या स्वस्त सेटमधले पोलादी रूळ गंजतात, तेव्हा रूळ जर्मन सिल्व्हरचेच घ्या. सांधे घेताना मधला काटा (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचा आणि वीज देता येणारा निवडा. प्लॅस्टिकच्या काट्यावर एनची छोटी इंजिनं हमखास मरतात.

तिसरी अडचण डोळ्यांची आणि हातांची. डब्याच्या दाराजवळचा ३० मिमी जाडीचा दांडा एचओमध्ये ०.३५ मिमी होतो, म्हणजे बारीक तार वाकवून बसवता येतो. एनमध्ये तो ०.१९ मिमीचा, केसाच्या दुप्पट-तिप्पट जाड. डब्यावरची अक्षरं, खिडक्यांचे गज स्वतःच्या हाताने करण्यात ज्यांना आनंद आहे त्यांनी एचओ सोडू नये. भारतीय इंजिनं आणि डबे तयार किंवा किट म्हणून जे मिळतात तेही मुख्यतः एचओमध्येच. एनमध्ये भारतीय गाडी म्हणजे परदेशी इंजिनाच्या सांगाड्यावर स्वतः छापलेली किंवा कापलेली बॉडी. आणि सांगाडा घेताना सावध राहा: ब्रिटिश एन १:१४८ चं असतं आणि जपानी बहुतेक १:१५० चं. एकाच गाडीत मिसळले तर छताच्या उंचीतला फरक लगेच कळतो.

भारतीय ब्रॉडगेजपुरती एक खंत दोन्हीकडे आहे. आपला रूळ १६७६ मिमीचा. एचओमध्ये तो १९.३ मिमी व्हायला हवा, बाजारातला मिळतो १६.५ चा, कारण ते प्रमाण १४३५ मिमीच्या रुळावर बेतलेलं आहे. पावणेतीन मिलिमीटरची ही उणीव गाडी समोरून येताना दिसते. डबा अरुंद पायांवर उभा असल्यासारखा वाटतो. एनमध्ये फरक दीड मिमीचा आणि हातभर अंतरावरून तो जाणवत नाही. ब्रिटिश ओओचे डबेही याच १६.५ मिमी रुळांवर धावतात, पण त्यांचं प्रमाण १:७६, म्हणजे ब्रॉडगेजसाठी आणखीनच तोकडं.

घाट करायचा असेल तर तुलना जास्त रंगते. १८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटातला चढ ३७ला १ आहे. कर्जतहून वर जाणाऱ्या गाडीला मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावतात ते त्यामुळेच. मॉडेलमध्ये वळणाचं घर्षण वेगळं भरावं लागतं, म्हणून ५०ला १ हा चढ धरा. खालच्या रुळावरून वरचा रूळ न्यायला एचओमध्ये साधारण ७५ मिमी उंची लागते, म्हणजे पावणेचार मीटर चढण. एनमध्ये ४५ मिमी पुरते, सव्वादोन मीटरमध्ये काम होतं. चढ सुरू होतो आणि संपतो तिथे डब्याच्या लांबीइतका भाग हळूहळू वाकवा, नाहीतर कपलर एकमेकांवरून निसटतात. डोंगर, बोगदे आणि दरी यांच्यासमोर गाडी छोटी दिसणं ही सह्याद्रीची खरी गंमत, आणि ती एनमध्येच साधते. मात्र मागचं बँकर जास्त जोरात ढकलू लागलं तर मधल्या हलक्या वाघिणी वळणाच्या बाहेर फेकल्या जातात. पुढचं इंजिन जास्त ओढू लागलं तर त्या आत कोसळतात. दोन्ही इंजिनं डीसीसीवर (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) घ्या, त्यांच्या डिकोडरमधल्या (इंजिनातल्या चिपमधल्या) सीव्ही या सेटिंगपैकी २, ६ आणि ५ मधून त्यांचा सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग जुळवा, आणि मगच एका गाडीला लावा. आवाजाचा डिकोडर एनमध्येही बसतो, पण नखाएवढ्या स्पीकरमधून डिझेलचा भरदार आवाज येत नाही. अल्को डिझेल इंजिनांच्या धडधडीसाठी जीव टाकणाऱ्यांनी एचओच घ्यावं.

जागा कमी आणि तरी एचओच हवं, यावर चांगला तोडगा आहे: प्रवासी गाडी सोडा, शंटिंग करा. ‘इंगलनुक’ या जुन्या मांडणीत दोन सांधे आणि पाच, तीन, तीन वाघिणींच्या तीन मार्गिका असतात. आठ वाघिणींमधून पाच ठरावीक क्रमाने लावून गाडी बनवायची. बॉक्सएन वाघिणी आणि एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन धरून हे एचओमध्ये पावणेदोन मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळीवर बसतं. पुस्तकांच्या कपाटाच्या वरही ठेवता येतं. एनमध्ये ते मीटरभरात होईल, पण इतक्या हलक्या वाघिणी अलगद जोडणं-सोडवणं त्रासाचं. शंटिंगला एचओ आणि धावणाऱ्या गाडीला एन, हे पक्कं धरा.

खर्चाबद्दल एक गैरसमज आहे. एनचं इंजिन आकाराने छोटं म्हणून स्वस्त नसतं. चांगल्या यंत्रणेचं इंजिन जवळपास एचओइतक्याच किमतीला येतं. उलट तेवढ्याच जागेत जास्त डबे, जास्त सांधे मावतात आणि ते घेतले जातातच. परदेशातून मागवताना अशी मॉडेलं सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्या ९५०३ या शीर्षकाखाली येतात, त्यामुळे शुल्क जड पडतं. चालू दर बघूनच ऑर्डर द्या.

पाया दोन्हीकडे सारखाच. प्लाय बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) दर्जाचा, १२ मिमी. वरचा, खालचा पृष्ठभाग आणि चारही कडा रूळ टाकायच्या आधी रंगवून घ्या, नाहीतर जूनमध्ये तो एका बाजूने ओल पितो आणि वाकतो. उन्हाळ्यात २० अंशांच्या फरकाने मीटरभर रूळ जेमतेम एक तृतीयांश मिमी वाढतो. लाकूड ओलीने त्याहून जास्त हलतं. म्हणून सरळ भागात दर जोडाला अर्धा मिमी फट ठेवा. वळणावर मात्र दोन फ्लेक्सी (वाकवता येणारे) रूळ सरळ असतानाच डाख देऊन जोडा आणि मग वाकवा. जोड नंतर केला तर तिथे कोन राहतो. एचओ तो कोन सहन करतं, एनची गाडी नेमकी तिथेच उतरते. खाली दीड चौरस मिमीची लाल-काळी तार फिरवा आणि दर मीटरला रुळाला बारीक जोडतार द्या.

खडीबाबत एक सूचना आवर्जून. काळ्या दगडाची चाळलेली कच स्वस्त आणि दिसायला अगदी खरी असते, पण बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात. कोकणातल्या काळसर वाळूत तर फारच, वर मीठ वेगळं. हे कण मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि गिअरमध्ये बसतात. कागदात गुंडाळलेलं ताकदवान चुंबक कच पसरून तिच्यावरून फिरवा. कागदाला काळी मिशी येणं थांबेपर्यंत फिरवत राहा. दाणा एचओला ०.६ मिमीच्या, एनला ०.४ मिमीच्या आसपास हवा. मग एक भाग फेव्हिकॉल, चार भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलत्या पात्यांपासून मात्र दूर ठेवा. एनमध्ये एक थेंब चुकला की सांधा जाम होतो.

पुण्याजवळ असाल तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. १९९८ पासून तिथे एचओचा मोठा लेआउट चालू आहे. गाड्या बघाच, पण लांब डबे वळणावर कसे दिसतात आणि त्यासाठी किती जागा दिली आहे यावर नजर ठेवा.

आणि एचओचे बारकावे एनच्या जागेत हवे असतील तर तिसरा पर्याय आहे: नेरळ–माथेरान. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या ६१० मिमी रुळाच्या गाडीची सगळ्यात तीव्र वळणं ६० फूट त्रिज्येची. १:८७ मध्ये ती २१ सेंटिमीटर होतात, १:७६ मध्ये २४. म्हणजे वळणं आखडून न घेता, खऱ्या मापाची, दोन फूट रुंद फळीवर बसतात. भोर घाटात हे स्वप्नातही शक्य नाही. रूळ एनचे ९ मिमीचेच वापरायचे, यंत्रणाही एनची, वरची बॉडी मोठ्या प्रमाणात. १:७६ घेतलं तर ९ मिमी म्हणजे ६८४ मिमी होतात, मूळच्या बरेच जवळ. १:८७ ला ७८३, थोडे जास्तच रुंद. खरा चढ २०ला १ पर्यंत जातो, तो मात्र जसाच्या तसा करू नका. रूळ पक्का करण्याआधी फळीवर मीटरभर रूळ टाचण्यांनी लावा, एक टोक पुस्तकांनी उचलत जा आणि तुमचं इंजिन चार डबे घेऊन कुठे घसरायला लागतं ते बघा. चाकं जागीच फिरू लागतील त्याच्या पाऊण उंचीवर चढ ठेवा.