वर्धा रोडवरील टायरचे दुकान: आधी स्टिकर, मग हवा

समृद्धी महामार्गाने जायचे असल्याने सकाळी सहा वाजता, टायर थंड असतानाच, मी गाडी वर्धा रोडवरील या लहानशा दुकानात नेली. आधी एका पंपावर न विचारताच 40 पीएसआय हवा भरली गेली होती. येथील कारागिराने मात्र प्रथम चालकाच्या दाराजवळचे, टायरमधील हवेचा योग्य दाब सांगणारे स्टिकर वाचून ती 33 वर आणली, वॉल्व्हवर साबणाचे पाणी सोडले आणि मागच्या डाव्या चाकाशी हवा गळत असल्याचे बुडबुडे दिसताच वॉल्व्हची पिन बदलली. स्टेपनीही तपासली, हे विशेष. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात कमी हवेचा टायर अधिक दबतो, तापतो आणि फुटू शकतो, म्हणून उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवू नये, असे त्यांनी आवर्जून समजावले. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचा आग्रह नव्हता. ग्राहकांसाठी सावली मात्र हवी होती.