लाइटरूम क्लासिकचं क्रॉप टूल, प्रिंटच्या कामासाठी बरेच महिने वापरल्यावर

लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या कलर, मास्किंग वगैरेवर सगळे लिहितातच, मला फक्त क्रॉपमधल्या, म्हणजे फोटो कापायच्या टूलमधल्या, ॲस्पेक्ट रेशोच्या (रुंदी-उंचीच्या प्रमाणाच्या) रेषांबद्दल बोलायचंय. आर दाबून क्रॉप उघडा, मग ओ दाबत राहा, ग्रिड नि तिरप्या रेषा संपल्या की फोटोवर एकात एक चौकटी दिसतात. कुठले रेशो हवेत ते टूल्स मेनूत, क्रॉप गाइड ओव्हरलेमध्ये निवडता येतं.

याच्या मागे लागलो ते एका फोटो छापणाऱ्या लॅबमुळे. ग्रुप फोटो होता, क्लायंटला 8×10 इंचाचा हवा, फाइल कॅमेऱ्याची 3:2. लॅबने न विचारता मधोमध कापून छापला, कडेला बसलेल्या आजींचा अर्धा खांदा गायब. विचारलं तर म्हणे, सिस्टिममध्ये ऑटो होतं. अहो, एक फोन करायला काय जात होतं? 3:2 चा फोटो 8 इंच उंचीला 12 इंच रुंद होतो, 10 मध्ये बसवायचा तर 2 इंच जाणारच, पण कुठल्या बाजूचे जाणार हे फोटो बघून ठरवायचं असतं ना! आता रेषा बघितल्या की कोण कापलं जातंय ते आधीच कळतं आणि क्लायंटलाही स्क्रीनवर दाखवता येतं.

सुरुवातीला मी 5:4 (8×10 चं प्रमाण) लॉक करून सगळं कापायचो आणि खूश होतो. आता मत बदललंय, कारण तोच क्लायंट नंतर भिंतीसाठी 12×18 मागतो आणि ते परत 3:2. क्रॉप कधीही मागे घेता येतो हे खरं, पण मग 8×10 चा जमवलेला क्रॉप जातो. म्हणून प्रत्येक साइजची वेगळी व्हर्च्युअल कॉपी (फाइल तीच, फक्त बदलांची वेगळी नोंद), जागा जवळजवळ लागतच नाही. उभा क्रॉप आडवा करायला एक्स दाबायचं. पिक्सेलची काळजी नको, 6000×4000 मधून 5:4 कापलं तरी 5000×4000 उरतात आणि 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 8×10 साठी 3000×2400 पुरतात.

एक गोष्ट मात्र खटकते. फ्रेमची पट्टी चारही बाजूंनी साधारण 5-6 मिमी फोटो झाकते, माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) असेल तर त्याचा कट आणखी आत येतो, आणि याचा या रेषांना पत्ताच नाही. केस, पाय, साडीचा काठ कडेला चिकटले की पट्टीमागे गेलेच, त्यामुळे दर वेळी अंदाजाने कडेला मोकळी जागा सोडावी लागते. कडेचं मार्जिन मिलिमीटरमध्ये टाकायची सोय पुढच्या अपडेटमध्ये द्याच, बाकी नवीन काही नाही दिलं तरी चालेल.