कुळशोधाच्या विनंत्या दुबार होऊ नयेत म्हणून गूगल शीट : काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या नोंदी शोधून देणाऱ्या नागपुरातल्या स्वयंसेवकांच्या गटाने विनंत्यांची सामायिक नोंदवही म्हणून गूगल फॉर्म आणि गूगल शीट वापरले, तर काय साधते आणि कुठे घोडे अडते, एवढ्यापुरताच हा अनुभव. जोडी फुकट आहे आणि कामाला पुरते. पण फॉर्म बनवला, लिंक वाटली आणि दुबार विनंत्या बंद झाल्या, असे होत नाही. विनंती कशावरून ओळखायची हे ठरवल्याशिवाय शीट निव्वळ लांब यादी होऊन बसते.

बहुतेक गट सुरुवातीला ‘पूर्वजाचे नाव’ असा रकाना करतात आणि त्यावर काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारे सूत्र) लावून एकापेक्षा जास्त वेळा आलेले नाव रंगवतात. आपल्याकडच्या नोंदींसाठी हा पाया कच्चा आहे. विदर्भातल्या कोतवाल बुकात, म्हणजे गावाच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीत, आडनाव सहसा नसतेच. ‘अमुक वल्द (म्हणजे मुलगा) तमुक’, पुढे जात, साकिन (राहण्याचे गाव), की संपले. जन्माच्या नोंदीत कित्येकदा बाळाचे नावही नसते, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव. त्यात एकाच आजोबांचे दोन नातू वेगवेगळ्या शहरांतून विनंती टाकतात. एक ‘गणपत’ लिहितो, दुसरा ‘गणू’. एकाचे आडनाव पाटील, दुसऱ्याने वतनाचे नाव टाकून मूळ आडनाव लावलेले. शीटच्या लेखी ही दोन माणसे. दोन स्वयंसेवक एकाच अभिलेखागारात एकाच पुस्तकासाठी दोन नक्कल अर्ज देतात आणि खिडकीवरचा कारकून दोघांकडेही संशयाने पाहतो, ते बरोबरच आहे.

उपाय एकच आणि तो चालतो: खूण माणसाची नव्हे, दस्ताची ठेवायची. जुनी तहसील, मौजा, दस्ताचा प्रकार, वर्षांचा गट, या क्रमाने. उदाहरणार्थ ‘काटोल/सावरगाव/कोतवाल/१९२१’. वर्षांचा गट पाच-पाच वर्षांचा आणि ठरलेला: शेवटचा आकडा १ किंवा ६ असलेल्या वर्षापासून सुरू होणारा. कुणाला १९२४ ते १९२७ हवे असेल तर दोन ओळी होतील, होऊ द्या. खूण जुळली की एकाच फेरीत दोन्ही नावे बघून होतात. दाखल खारीज रजिस्टर (शाळेतल्या प्रवेशांची नोंदवही) मागितले असेल तर मौज्याच्या जागी शाळा. दस्ताचा प्रकार वेगळा असेल तर ती दुबार विनंती नव्हे, हे नवीन माणसाला वारंवार सांगावे लागते.

‘जुनी तहसील’ का, ते नीट समजून घ्यायला हवे. इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल अशा चारच तहसिली होत्या, आज चौदा आहेत. नरखेड काटोलातून निघाली, भिवापूर उमरेडमधून, पारशिवनी रामटेकमधून. विनंती करणारा आजची तहसील लिहितो, जुन्या पुस्तकावर जुनी असते. जिल्ह्यांचेही तेच: गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात, गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात. म्हणून वेगळ्या पानावर गावांची यादी करावी, त्यात आजची तहसील, जुनी तहसील, पटवारी हलका (तलाठी साझा) नंबर असे रकाने ठेवावेत आणि फॉर्ममध्ये गाव टाइप न करता यादीतून निवडायला लावावे. एकाच नावाची गावे ओळखायला कंसातला भाग यादीत असलाच पाहिजे. नुसते ‘पिपळा’ चालत नाही. पिपळा (डाकबंगला) वेगळे, पिपळा (केवळराम) वेगळे. रिठी गावेही यादीत घ्या. वस्ती उठली तरी मौजा कागदावर असतो, आणि हरवलेले मूळ गाव पुष्कळदा तिथेच सापडते.

आता शीटच्या खोड्या. यातली सर्वांत छुपी देवनागरी टायपिंगची. ‘वऱ्हाडपांडे’ पडद्यावर सगळीकडे सारखे दिसते, पण त्यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲ’चेही तसेच, एकसंध अक्षर किंवा ‘अ’वर चंद्र. शोधपट्टीत एक टाइप केले तर दुसरे सापडेलच असे नाही. तेव्हा नावाचा मूळ रकाना तसाच ठेवून बाजूला साफ केलेला रकाना करावा. सब्स्टिट्यूट वापरून यूनिचर ८२०५ आणि ८२०४ ही अदृश्य चिन्हे काढायची, यूनिचर २३५३ म्हणजे ‘ऱ’च्या जागी ‘र’ घालायचा, आणि जादा मोकळ्या जागा काढायला सगळ्यात बाहेर ट्रिम. साफ रकान्यातले शुद्धलेखन विचित्र दिसते. दिसू द्या, तो माणसांसाठी नाहीच.

आकड्यांचा नियम पहिल्या दिवशीच ठरवा. कुणी देवनागरी अंकांत वर्ष लिहितो, कुणी इंग्रजी; जुळणीत ते वेगळे पडतात. फॉर्ममध्ये वर्षही यादीतूनच द्यावे. शके असेल तर आधी बदलून घ्यावे: चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. एका वर्षाची ही चूकही गट बदलू शकते.

काउंटइफचा एक सापळा फार लोकांना ठाऊक नसतो. त्याला प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कोणतेही एक अक्षर’ आणि तारांकित चिन्ह म्हणजे ‘काहीही’. खात्री नसली की माणूस हमखास ‘१९२?’ लिहितो, आणि मग ती ओळ त्या दशकातल्या इतर ओळींशी जुळून उगाच दुबार म्हणून लाल होते. शंका असेल तर ‘अज्ञात’ लिहायचे, चिन्ह नाही. दुसरी अडचण फॉर्मची. प्रत्येक उत्तर नव्या ओळीत येते आणि वरच्या ओळीतले सूत्र खाली आपोआप उतरत नाही, त्यामुळे खुणेचा रकाना रिकामा राहतो आणि दुबार विनंती गुपचूप आत येते. सूत्र ॲरेफॉर्म्युलाने मथळ्याच्या ओळीतच बसवले की हा प्रश्न सुटतो.

दुबार शोधाचे सगळ्यात मोठे कारण मात्र तांत्रिक नाही. न सापडलेल्या शोधाची नोंद कुणी ठेवत नाही. सापडले की फोटो टाकला जातो, आभार मानले जातात. काही मिळाले नाही की ओळ तशीच उघडी राहते आणि चार महिन्यांनी दुसरा माणूस तेच पुस्तक पुन्हा चाळतो. ‘पाहिले, सापडले नाही’ ही स्वतंत्र स्थिती हवी आणि तिच्यासोबत तीन गोष्टी सक्तीच्या: कोणती वर्षे प्रत्यक्ष पाहिली, कोणती पाने फाटलेली किंवा गहाळ होती, आणि कोणत्या नावांनी शोधले. शेवटची सर्वांत उपयोगी. ‘गणपत’ शोधून झाले असेल तर पुढचा ‘गणू’ बघेल, पहिल्यापासून नाही.

‘ताबा’ नावाचा रकानाही लागतो: कोणी घेतले आणि कधी. ताब्याला मुदत नसेल तर तो नसल्यासारखाच. उत्साहात दहा ओळी घेऊन ठेवणारे प्रत्येक गटात असतात. एकवीस दिवसांत नक्कल अर्जाची पोच किंवा निकाल नाही, तर ओळ मोकळी. ताब्याची तारीख भरलेली आणि टुडे वजा ती तारीख एकवीसहून जास्त असेल तर पिवळा रंग, एवढे कंडिशनल फॉरमॅटिंग पुरते. ताबा घेण्याआधी ‘आपले अभिलेख’ हे जुन्या महसुली दस्तांचे सरकारी संकेतस्थळ आणि त्या जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ बघणे सक्तीचे करा. २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधात बरेच जुने दस्त स्कॅन होऊन चढले आहेत, आणि घरबसल्या दिसणाऱ्या पानासाठी तहसिलीत जाणे हाही दुबार शोधच.

काही विनंत्या या साच्यात बसत नाहीत. शहरातल्या घराचा शोध मौज्यावर चालत नाही, तिथे नझूल (शहरातली सरकारी जमीन) शीट नंबर आणि भूखंड क्रमांक घ्यावा. नाशिक, त्र्यंबक, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांना वर्षाचा गट लावू नये. क्षेत्र आणि मूळ गाव एवढीच खूण. कामठीच्या छावणीतल्या इंग्रज कुटुंबांबद्दल परदेशातून विचारणा होते. ते मद्रास फौजेचे ठाणे होते, त्यामुळे बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मद्रासच्या मालिकेत शोधाव्या लागतात. अशी विनंती ‘नागपूर’ म्हणून नोंदवली की हमखास दुसऱ्यांदा येते.

खासगीपणाच्या बाबतीत शीट कमजोर आहे. रकाना लपवला किंवा सुरक्षित केला तरी तो दिसू शकतो. ‘प्रोटेक्ट’ने बदल अडतो, वाचन नाही. अर्जदाराचा फोन, हयात माणसांची नावे, जातीचे कागद वेगळ्या फाइलमध्येच हवेत. त्या फाइलमधून उघड्या शीटमध्ये इम्पोर्टरेंजने (दुसऱ्या फाइलमधले रकाने आणणारे सूत्र) माहिती आणू नका: एकदा परवानगी दिली की उघड्या शीटचा कोणताही संपादक सूत्र बदलून बाकीचे रकानेही खेचू शकतो. उलट दिशेने, म्हणजे उघड्यातून खासगीत, खुशाल आणा. संपादनाचा हक्क मोजक्यांना, बाकीच्यांना फक्त बघण्याचा. नाहीतर कुणीतरी एकच रकाना क्रमाने लावतो आणि नावे एका गावाची, निकाल दुसऱ्या गावाचे होऊन बसतात. तसे झालेच तर व्हर्जन हिस्टरीतून मागची स्थिती परत आणता येते.

फाइल कोणाच्या खात्यावर आहे तेही बघा. साध्या खात्यात मालक एकच असतो, आणि दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसू शकते. महिन्याला एक प्रत उतरवून ठेवावी, पण ती एक्सेलमध्ये उघडताना ध्यानात असू द्या की १९०० पूर्वीची तारीख एक्सेल तारीख म्हणून मानतच नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने असतील तर १८९६ च्या नोंदीही क्रमाने लागतात.