फ्राँताँ की गायाक? तूलूझजवळच्या दोन रेड

फ्रान्समधल्या तूलूझला नव्याने आलेला मराठी माणूस वाईन घ्यायला गेला की हमखास नावाजलेल्या बोर्दो वाईनच्या मांडणीपाशी थांबतो. मीही थांबायचो. पण शहराच्या उत्तरेला फ्राँताँ आणि ईशान्येला तार्न नदीकाठी गायाक, या दोन गावांच्या रेड वाईनमध्ये द्राक्षांचे जे वाण असतात ते इतरत्र क्वचितच लावतात. चार वर्षं दोन्ही आलटून-पालटून आणतोय.

फ्राँताँचा जीव नेग्रेत या वाणात. तिथल्या रेडमध्ये मुख्य भर त्याच्यावरच. धर्मयुद्धांच्या काळात तो सायप्रसहून आला म्हणतात. दंतकथा आहे, पण घोट घेताना ऐकायला बरी वाटते. तूलूझच्या दुकानांत साखरेत घोळवलेली व्हायोलेटची फुलं मिळतात, ग्लासातून नेमका तोच वास येतो. तुरटपणा बेताचा, त्यामुळे कांदा-लसूण मसाल्याच्या मटण रश्शाशी हिचं छान जमतं. इथे गायाक सपशेल हरते. तिच्यातल्या टॅनिनने, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या घटकाने, तिखट असं भडकतं, की हात पाण्याच्या तांब्याकडे जातो.

गायाकमध्ये द्युरास आणि ब्रोकोल हे वाण. काळ्या मिरीच्या वासामागे रोटंडोन नावाचं जे संयुग असतं, तेच द्युरासमध्येही सापडतं. ब्रोकोलचंच दुसरं नाव फेर सेर्वादू. मार्सियाक या वाईनच्या भागात त्यालाच मान्स्वा म्हणतात. बाटली उघडल्या उघडल्या त्याला चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि पहिल्या ग्लासाला तो मला आजही आवडत नाही. नशीब असेल तर प्र्युनलारही मिळतो. हा मालबेक या वाणाचा जन्मदाता, जवळजवळ नामशेष झालेला. वाईन बनवणारे रोबेर प्लाजोल यांनी तो गायाकमध्ये पुन्हा उभा केला.

एवढं वाचून फ्राँताँच घ्यावी असं वाटेल. पण माझी अडचण वेगळी. घरात पिणारा मी एकटा. शुक्रवारी उघडलेली बाटली रविवारपर्यंत पुरवायची असते. नेग्रेतमध्ये मुळात आंबटपणा कमी. शनिवारी फुलांचा वास निम्मा होतो आणि रविवारी उरतं पाणचट जांभळं सरबत. बूच घट्ट लावलं, फ्रीजमध्ये ठेवली, छोट्या बाटलीत काठोकाठ भरून पाहिली, तरी तेच. शेवटचा ग्लास कितीदा मोरीत ओतला, हिशोब नाही. उलट गायाक आमटीसारखी, दुसऱ्या दिवशी मुरते. ढोबळी मिरची निघून जाते, मिरी पुढे येते, आणि रविवारचा ग्लास बहुतेकदा तिन्हींत उजवा निघतो.

हा माझ्या घरचा अनुभव. तुमच्याकडे दोघं-तिघं पिणारे असतील, ताटात तिखट असेल, तर फ्राँताँ नक्की आणा, ती त्याच रात्री संपेल. मी पाहुणे असले की तीच आणतो. एरवी पिशवीत गायाक असते. घेताना मागचं लेबल मात्र वाचा: दोन्हीकडे सिराह ही सगळीकडे मिळणारी द्राक्षं मिसळतात, आणि ती जास्त झाली की एवढी शोधाशोध करून काय मिळवलं असं होतं.