चाकातली कुईकुई : पॅड, बेअरिंग, की नुसती टोपी?

चाकाकडून मधूनच येणाऱ्या आवाजाची तक्रार घेऊन आपण गॅरेजात जातो आणि सांगतो, "कुईकुई होतंय." म्हणजे काहीच सांगत नाही. ब्रेक पॅड, बेअरिंग, डिस्कमागचा पत्रा, चाकावरची प्लास्टिकची टोपी, शाफ्टचा क्रॉस (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा सांधा), सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरी गादी), यातलं कुणीही कुईकुई करू शकतं. शिवाय एकाला जी चूंचूं वाटते तीच दुसऱ्याला किरकिर वाटते. त्यामुळे आवाज कसा आहे यावर फार वेळ घालवू नये. तो कशाने थांबतो ते बघावं. सतत येणाऱ्या आवाजापेक्षा अधूनमधून येणारा आवाज लोकांना जास्त छळतो, पण शोधायला तोच सोपा, कारण प्रत्येक वेळी गप्प होताना तो काहीतरी सांगून जातो.

हे मला उशिरा कळलं. माझ्या गाडीचे पुढचे पॅड मी या आवाजापायी दोनदा बदलून घेतले. दोन्ही वेळा आठवडाभर शांतता, मग पुन्हा तेच. पुढे एक चाक पंक्चर झालं, स्टेपनी लावली, टोपी डिकीत टाकली आणि आवाज गेला. पॅडचा काही दोष नव्हता. पॅड बदलताना चाक निघायचं, टोपी पुन्हा बसवताना जराशी वेगळ्या जागी बसायची, आणि तेवढ्याने काही दिवस निभावायचं.

आधी दोन मिनिटांची गाळणी

गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये इंजिन रेस करा. आवाज आला तर चाकांचा विषय संपला, इंजिनच्या पट्ट्याकडे (बेल्टकडे) बघा. नाही आला तर मोकळ्या, सपाट जागी गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने चालवा आणि आवाज मोजा.

मोजणं जमतं, कारण साधारण कारच्या टायरचा घेर २ मीटरच्या आसपास असतो. ताशी ७ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ मीटर, म्हणजे चाकाचा सेकंदाला एक फेरा. ताशी २० ला जवळपास ३ फेरे होतात आणि ३६ ला ५. तिथे कान हात टेकतात. टायरवर खडूने एक रेघ मारा आणि कुणाला तरी सुरक्षित अंतर ठेवून बाजूने चालायला सांगा. रेघ खाली येते तेव्हाच दर वेळी चूं होत असेल, तर चाकाबरोबर फिरणारी एकच जागा कुठेतरी घासते आहे. एका फेऱ्यात तीन-चार वेळा होत असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो. फेऱ्याशी काही संबंधच नसेल आणि खड्ड्यात, गतिरोधकावर, किंवा उभ्या गाडीचा कोपरा हाताने दाबल्यावर आवाज येत असेल, तर तो चाकाचा नव्हेच. सस्पेन्शनच्या रबरी बुशचा किंवा बॉल जॉइंटचा (सस्पेन्शनमधल्या गोल सांध्याचा) आहे.

ब्रेक पॅड की मागचा पत्रा?

सगळ्यात जास्त गोंधळ या जोडीत होतो, आणि नको तो खर्चही.

पॅड किंचाळतो तो फळ्यावर खडू किंचाळतो त्याच कारणाने. पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडतं आणि डिस्क थाळीसारखी वाजते. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी किंचाळी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. डिस्क बिडाची असते, रात्रीच्या दमटपणाने किंवा गाडी धुतल्यावर तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि पॅड तो खरवडून काढतो. पाचव्या ब्रेकला आवाज गेला की विसरून जायचं.

दुसरा आवाज मुद्दाम बसवलेला असतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. नव्या पॅडचं अस्तर (डिस्कला घासणारा थर) साधारण १० ते १२ मिलिमीटर असतं; ते झिजून २ ते ३ मिलिमीटरवर आलं की ही जीभ डिस्कला टेकते आणि बोंब मारते. गंमत अशी की काही गाड्यांत ही बोंब ब्रेक दाबल्यावर येते, तर काहींत गाडी नुसती चालत असताना येते आणि ब्रेक दाबल्यावर थांबते. त्यामुळे "ब्रेक दाबल्यावर आवाज बंद होतो, म्हणजे ब्रेकचा नाही" हा निष्कर्ष साफ चुकीचा. उलट हलक्या ब्रेकने आवाज बंद होणं हीच पॅडकडे बोट दाखवणारी मोठी खूण आहे.

चाकाच्या आऱ्यांतून डोकावून पॅड बघता येतो, पण दिसतो तो बाहेरचा. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या) सरकपिना अडकल्या की बहुधा आतला पॅड जास्त झिजतो आणि ती जीभही बऱ्याचदा आतल्याच पॅडला असते. "पॅड तर भरपूर आहेत की" असं बाहेरून बघून ठरवणारे इथेच फसतात.

अडकलेला कॅलिपर ओळखायला एक साधी तुलना पुरते. फारसा ब्रेक न वापरता पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा, मग उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. चाकाला किंवा डिस्कला टेकवू नका, भाजेल. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असतातच, म्हणून पुढचं डावं पुढच्या उजव्याशीच ताडून बघायचं. एकच चाक भट्टीसारखं धगधगत असेल, जळका वास येत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ब्रेक सुटतच नाहीये.

आता पत्रा. डिस्कच्या आतल्या बाजूला एक पातळ संरक्षक पत्रा असतो. चाक काढताना कुणाचा हात लागला, गाडी दगडावरून गेली, की तो जरासा वाकतो आणि डिस्कला घासतो. किंवा मध्ये एखादा खडा अडकतो, आणि तेव्हाचा आवाज असा भयंकर असतो की आता चाकच निखळणार असं वाटावं. अचानक, धातूवर धातू, विशेषतः कच्च्या रस्त्यावरून आल्यानंतर. अशा वेळी ब्रेक दाबून फार फरक पडत नाही. फरक पडतो तो दिशा बदलल्यावर: गाडी थोडी रिव्हर्स घेतली, पुन्हा पुढे नेली की बऱ्याचदा खडा गळून पडतो. वाकलेला पत्रा हाताने किंवा पान्याच्या टोकाने हळूच मागे ढकलला तरी काम होतं. सुट्या भागांचा खर्च नाही. पॅड बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिकला "पत्रा बघितलात का?" एवढं जरूर विचारावं.

मागे ड्रम ब्रेक असतील तर लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांची) धूळ साठणं आणि लायनर जिथे मागच्या पाटीवर सरकतात त्या जागा कोरड्या पडणं, ही दोन कारणं. ड्रम उघडून साफ केल्याशिवाय दोन्ही दिसत नाहीत.

बेअरिंग की टायर?

खरं तर यातलं कुणीच सहसा कुईकुई करत नाही. बेअरिंग गेलं की घूंघूं येते, वेगाबरोबर वाढते. पण पाण्यात शिरून आलेल्या गाडीचं बेअरिंग कोरडं पडलं तर सुरुवातीला चिवचिवू शकतं, म्हणून त्याला यादीतून काढता येत नाही.

बेअरिंगची कसोटी वळणावर. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. त्या वेळी आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर, आणि उलट वळणाला उलट. टायरची घरघर मात्र रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलते. बेअरिंगला डांबर आणि काँक्रीट सारखंच. अजून शंका असेल तर पुढचे टायर मागे टाका. आवाज त्यांच्याबरोबर मागे गेला तर टायर.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खडखड लागली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट ढिला आहे. माझी आवडती चाचणी याहून नाजूक आहे: एका हाताने चाक हळू फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून बोटांना कळते. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

टोपी की क्रॉस?

दोघांचा आवाज इतका सारखा, की नुसत्या कानाने फरक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. दोन्ही कमी वेगात चिवचिव करतात, वेग वाढला की चिवचिव जलद होते, आणि पुढे वाऱ्याच्या, टायरच्या आवाजात बुडून जाते.

फरक मोजणीत सापडतो. टोपी चाकावर बसलेली, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात ठरलेल्या जागीच बोलते. वळताना रिमवर ताण आला की जास्त. क्रॉस असतो प्रोपेलर शाफ्टवर, आणि इंजिन पुढे व जोर मागच्या चाकांना अशा गाड्यांत तो शाफ्ट चाकाच्या एका फेऱ्यात साधारण तीन ते चार वेळा फिरतो. म्हणून क्रॉसची चिवचिव चाकापेक्षा कितीतरी घाईची. इंजिन आणि ओढणारी चाकं दोन्ही पुढे असलेल्या गाडीत हा शाफ्टच नसतो, तेव्हा क्रॉस बाद. तिथे पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना टकटक आली तर पुढच्या एक्सलचा जॉइंट बघायचा, पण ती टकटक असते, कुईकुई नव्हे.

निर्णय सोपा आहे: चारही टोप्या काढा आणि दोन दिवस गाडी चालवा. यापेक्षा स्वस्त चाचणी या सगळ्या प्रकरणात नाही, आणि तरीही लोक ती सर्वात शेवटी करतात. टोप्या निघाल्याच आहेत तर चाकाचे नटही पान्याने तपासून घ्या. ढिला नटही कुरकुरतो, आणि ती कुरकुर ऐकून गाडी पुढे न्यायची नसते.

शेजारी शेजारी

| | ब्रेक पॅड | पत्रा किंवा खडा | बेअरिंग | टोपी | क्रॉस |
|---|---|---|---|---|---|
| हलका ब्रेक | येतो किंवा थांबतो | फारसा फरक नाही | फरक नाही | फरक नाही | फरक नाही |
| वळण | थोडा बदल | कधी बदल | एका बाजूला वाढतो | बऱ्याचदा वाढतो | फरक नाही |
| रिव्हर्स | बदलू शकतो | बदलतो किंवा जातो | तसाच | तसाच | सुटताना कधी टक् |
| एका फेऱ्यात | सलग किंवा एकदा | एकदा किंवा सलग | सलग | एकदा-दोनदा | तीन-चारदा |
| घाई | जीभ वाजत असेल तर लवकर | खडा लगेच, पत्रा सवडीने | लवकर | नाही | लवकर |

तक्त्यातल्या "बदलू शकतो" अशा जागा मी मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. प्रत्येक गाडीची बांधणी वेगळी असते, आणि एका खुणेवर निकाल देऊ नये. दोन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच सुटा भाग बदलायचा.

चालवत राहायचं की थांबायचं?

किंचाळीची खरखर झाली, म्हणजे अस्तर संपून धातू डिस्कवर घासू लागला, तर गाडी तिथेच थांबवायची. चाकात खेळ जाणवला, नट ढिले निघाले, एकच चाक तापलं किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं तरी तेच. जीभ वाजू लागली असेल तर घाबरून रस्त्यात उभं राहायचं कारण नाही, पण लांबचा प्रवास आणि घाट त्याआधी नको. बेअरिंगची नुसती घूंघूं आठवड्याच्या आत दाखवावी. बहुतेक नव्या गाड्यांत ते बंद डबीसारखं येतं, त्यात ग्रीस भरता येत नाही, अख्खं बदलावं लागतं. जुन्या पद्धतीच्या, उघडता येणाऱ्या बेअरिंगमध्ये साफ करून ग्रीस भरून ताण जुळवता येतो. टोपी, बुश आणि सकाळचा गंज यांना कसलीच घाई नाही.

घरी करायचं की गॅरेजात, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऐकणं, मोजणं, टोप्या काढणं, तळहाताची चाचणी हे सगळं घरी. ब्रेक उघडणं मात्र सराव नसेल तर नाही. आणि सर्वत्र मिळतो तो गंज सोडवणारा स्प्रे ब्रेकच्या आसपास अजिबात नको. आवाज खरोखर जातो, कारण पॅडला तेल लागलं आहे. त्याबरोबर ब्रेकही जातो. पॅडच्या पाठीला लावायचं उष्णता सोसणारं ग्रीस वेगळं असतं आणि तेही अस्तराला लागता कामा नये. रबरी बुशवरही खनिज तेल नको, रबर फुगतं. सिलिकॉनचा स्प्रे चालतो.

गॅरेजात गाडी सोडून येऊ नका. आवाज तिथे हमखास गप्प बसतो, म्हणून मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारा. शक्य असेल तर काच खाली करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेने न्या. भिंत आवाज परत फेकते आणि डावं चाक की उजवं हे चटकन कळतं. आणि "कुईकुई होतंय" ऐवजी एवढं सांगा: "गाडी गरम झाल्यावर, ताशी वीसच्या आसपास, फेऱ्याला एकदा येतो, हलका ब्रेक लावला की थांबतो, डावीकडून."