घरातली हवा मोजणारं यंत्र: दिवाळी ते पावसाळा वापरून

दिवाळीच्या तोंडावर घेतलं, आता पावसाळा सरत आलाय. ठाण्यात रस्त्याला लागून घर, म्हणजे आकडे ट्रकच वाढवणार असं वाटलं होतं. पहिला नंबर काढला तो मिरचीच्या फोडणीने. पीएम २.५ (श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारे अतिसूक्ष्म कण; आकडा घनमीटरमागे मायक्रोग्रॅमचा) पाहता पाहता चारशेपार! आता गॅस पेटवतानाच चिमणी लावतो आणि बंद केल्यावरही दहाएक मिनिटं चालू ठेवतो; आकडा निम्म्यावर येतो. (पाइप बाहेर न काढलेली चिमणी तेलकटपणा अडवते, बाकी हवा परत घरातच.)

डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात आलं होतं. आईला हे सांगून झालं होतं, ढिम्म फरक नाही. पडद्यावर आकडा चढताना पाहिला तेव्हा म्हणाली, "अगंबाई, हे सगळं आपण ओढतो?" त्याच आठवड्यात खिडक्यांना जाळ्या बसल्या.

खरे पैसे वसूल झाले ते कार्बन डायऑक्साइडमुळे. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. एसी लावून तिघं झोपलो की पहाटे दोन हजारांच्या वर. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो आणि प्युरिफायर हा वायू काढत नाही. एवढ्याने विषबाधा होत नाही, पण खोली कोंदट झाल्याची ती खूण. खिडकी चार बोटं उघडी ठेवली की हजाराच्या आसपास राहतो आणि सकाळचं डोकं जड होणंही कमी झालंय.

आता तक्रारी. पीएम २.५ चा हिरवा दिवा ३० पर्यंत लागतो, कारण मोजपट्टी भारतीय एक्यूआयची, म्हणजे हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाची. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा १५ आहे, तेव्हा दिव्याकडे नको, आकड्याकडे बघा. पावसाळ्यात दमट हवेने कण फुगतात आणि लेझर सेन्सर जास्तच दाखवतो. जुलैचे आकडे मी सोडून दिले. व्हीओसीचा (रंग, सफाईची द्रव्यं वगैरेंतून उडणाऱ्या सेंद्रिय वायूंचा) आकडा तर फिनाइलने पुसलं तरी उसळतो, कोणता वायू ते सांगत नाही. अ‍ॅप मधूनच वायफाय विसरतं.

घेणार असाल तर एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा) आहे का ते विचारा. स्वस्तातली यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, व्हीओसीवरून अंदाज बांधतात. आणि आठवड्यातून एकदा बाल्कनीत ठेवा. बरेच सेन्सर ताज्या हवेवरच स्वतःला जुळवून घेतात.