उमेदवाराची रील की अख्खी मुलाखत?

वेंगुर्ल्याचा भाचा पहिल्यांदाच मतदान करणार. विचारतो, “मामा, रील पुरे की अख्खी मुलाखत बघू?”

वेळ म्हणशील तर रील मिनिटाची, मुलाखतीला तास जातो. पावसात नेट जातं ते वेगळंच. पण माणूस कळतो प्रश्न टोचल्यावर. मुंबई-गोवा महामार्गाचं विचारलं की ‘आम्ही केलं’ म्हणणारा हळूच ‘प्रशासनाने करायला हवं होतं’वर उतरतो, बोटातली अंगठी फिरवायला लागतो. रीलमध्ये नेमकं तेवढंच कापलेलं, वर ढोल-ताशे. अर्थात चेहराही फसवतो: १९६० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या वादचर्चेत उमेदवार निक्सन यांचा घाम टीव्हीवर दिसला, रेडिओवर कसा दिसणार? मी जाळं शिवताना नुसतं ऐकतो.

कोण उभा आहे एवढंच कळायला रील चालेल. मत ठरवायचं तर मुलाखत. मालवणीतली मिळाली तर आधी ती.